आगमनकाळ: धर्मग्रामानं कोणतं काम कधी हाती घ्यावं

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की किनाऱ्यावरच्या कितीतरी चर्चच्या आवारात हेच बघायला मिळतं. स्टार लागलेले असतात, क्वायर नाताळची गाणी बसवत असतो, पोरं येशूजन्माच्या गोठ्यासाठी बांबू शोधत फिरत असतात आणि गरिबांसाठीची पाकिटं अजून छापखान्यात पडलेली असतात. पुढे 22 आणि 23 तारखेला सगळं एकदम अंगावर येतं. पापनिवेदनाची (फादरांपुढे पापं कबूल करण्याची) रांग फाटकाबाहेर जाते, मदतीची यादी दोन माणसं रात्री बसून आठवून आठवून लिहितात आणि वाडीतल्या चिंतनाची चार पत्रकं एका बैठकीत उरकली जातात.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या दिवसांत, धर्मग्रामाची (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांची) कामं सगळी होतात, पण उलट्या क्रमानं. हा लेख पाळकीय मंडळ, वाडीप्रमुख आणि मदत समितीवर असलेल्यांसाठी आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत रीत थोडी थोडी बदलते, म्हणून उपासनेच्या बाबतीत आपल्या फादरांचा शब्द शेवटचा धरा. बाकीचं बहुतेक आपल्याच हातात असतं.

## 1. ऑक्टोबरअखेर: आधी दिवस मोजा

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे 30 नोव्हेंबरला, संत आंद्रेयाच्या सणाला, सर्वांत जवळचा रविवार. तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. रविवार चारच असतात, पण दिवस सारखे नसतात. कमीत कमी 22, जास्तीत जास्त 28.

2026 मध्ये पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे, मग 6, 13 आणि 20 डिसेंबर. 2027 मध्ये 28 नोव्हेंबरला सुरुवात. खरी फजिती 2028 मध्ये होईल. त्या वर्षी सुरुवात 3 डिसेंबरला आणि चौथा रविवार थेट 24 डिसेंबरला. म्हणजे सकाळी आगमनकाळाची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि त्याच रात्री नाताळची. अशा वर्षी "चौथ्या आठवड्यात करू" म्हणून ठेवलेलं प्रत्येक काम बुडतं, कारण चौथा आठवडा एका दिवसाचाच असतो.

मोठ्या कागदावर 24 डिसेंबरपासून मागे मोजत या. त्यात या तारखा आधी भरा: 3 डिसेंबर, संत फ्रान्सिस झेवियर (त्याचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरलाच सुरू होतो आणि आपल्याकडची बरीच माणसं त्या दिवसांत गोव्याला गेलेली असतात), 8 डिसेंबर, पवित्र मरियेचा निष्कलंक गर्भसंभव, 16 डिसेंबर, नाताळचा नोव्हेना सुरू. शिवाय गावची कामंही लिहा. भाताची मळणी कधी संपते, शाळेची सहामाही किंवा स्नेहसंमेलन कधी आहे, होड्या कोणत्या दिवसांत बाहेर असतील. कोळीवाड्यात उधाण-भांग (मोठी आणि लहान भरती) न बघता बैठक लावली तर समोर फक्त आज्या आणि लहान मुलं बसतात.

तपासा: सजावट आणि घरोघरची गाणी सोडून या कागदावर 17 डिसेंबरनंतर एकही नवं काम सुरू होत नाही ना? होत असेल तर ते अलीकडे ओढा.

## 2. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा: देणं कुणाला, ते आधी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. आपण आधी गोळा करतो आणि मग घेणारा शोधतो. त्यामुळे जे जमलं ते द्यावं लागतं. जुने कपडे, फाटक्या पिशवीतलं कडधान्य, मुदत संपत आलेली बिस्किटं.

क्रम असा ठेवा. प्रत्येक वाडीतून दोन माणसं निवडा, त्यात एक बाई असावीच. दोघांनी मिळून घरी जायचं, वही न घेता. मदत हवी का, असं थेट विचारलं की कोकणातला माणूस "आमचं बरं चाललंय" म्हणूनच सांगणार. त्यापेक्षा बसायचं, चहा घ्यायचा, औषधं कुठून आणता, पोरगी कितवीला गेली, छपराचं काय झालं, एवढं बोललं तरी गरज कळते. नोंद बाहेर पडल्यावर करा.

यादी करताना या घरांकडे मुद्दाम बघा, कारण ती नेहमी निसटतात:

- डायलिसिस किंवा कॅन्सरच्या उपचारासाठी वारंवार मुंबईला जावं लागतं ती घरं. बाहेरून सुस्थितीतली दिसतात, आतून कर्जात असतात.
- मुलं मुंबईला किंवा आखातात असलेले म्हातारे. यांना पैसे पुरतात, माणूस पुरत नाही. यांच्यासाठी वेगळी यादी करा, तिच्यात रक्कम नको, भेटीचा वार लिहा.
- होड्यांवरचे परराज्यांतले आणि नेपाळी खलाशी, हापूसच्या बागांत राखणीला राहणारी कुटुंबं. ती आपल्या चर्चमध्ये येत नाहीत म्हणून कुणाच्याच यादीत नसतात.
- कातकरी कुटुंबं. रायगड आणि आसपासच्या भागांत ती दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरात टेम्पो भरून पाड्यावर गेलात तर निम्म्या झोपड्यांना कुडाची दारं लावलेली दिसतील. भट्टीवर जा, आणि आधी एकदा रिकाम्या हाताने जाऊन या.

गरज कळली की ती तीन रकान्यांत टाका: वस्तू, बिल, वेळ. विजेची थकबाकी, मेडिकल दुकानातली उधारी, शाळेची फी ही बिलं परस्पर भरता येतात आणि घेणाऱ्यालाही त्यात कमी अवघडल्यासारखं होतं. माझ्या मते धर्मग्रामानं दानातला मोठा वाटा इथेच घालावा. तेलाच्या पिशवीसोबत फोटो निघतो, भरलेल्या बिलासोबत निघत नाही, हाही फायदाच.

सावधान: दुसऱ्या धर्माच्या कुटुंबांना किंवा आदिवासी पाड्यांवर काही देताना सोबत प्रार्थनापत्रक, माळ, कॅलेंडर असं काहीही देऊ नका. भेट शाळेच्या मुख्याध्यापकांच्या किंवा ग्रामपंचायतीच्या माहितीत असू द्या. आजकाल संशय घ्यायला वेळ लागत नाही आणि त्याचा त्रास घेणाऱ्या कुटुंबाला जास्त होतो.

सावधान: यादी तीन-चार माणसांपलीकडे जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. प्रत्येक घराला क्रमांक द्या, नावांचा कागद फादरांकडे ठेवा.

## 3. ख्रिस्तराजाचा रविवार: सगळ्यांना एकदाच सांगा

आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी (2026 मध्ये 22 नोव्हेंबर) ख्रिस्तराजाच्या सणाला गर्दी असते. तेव्हाच एका पानाचा कागद घरोघर पोचवा. वाडीच्या बैठकांचे वार, गोळा करण्याची शेवटची तारीख, पापनिवेदनाचा दिवस, काय हवं आणि काय नको. दर रविवारी मिस्सेच्या शेवटी दहा मिनिटं सूचना वाचणं बंद करा, तोवर निम्मे लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात.

"काय नको" हे ठळक छापा: वापरलेले कपडे नको, सुटं तेल नको, मिसळलेला तांदूळ नको.

## 4. पहिल्या रविवारची वेदी

इथे काम थोडं, पण डोळ्यांना दिसणारं, म्हणून चुका लगेच दिसतात.

रंग जांभळा. तिसऱ्या रविवारी गुलाबी चालतो. तो वस्त्रसंच नसेल तर जांभळाच ठेवा, लाल किंवा पांढरा नको. रविवारी ग्लोरिया (मिस्सेतलं स्तुतिगीत) म्हणत नाहीत, आलेलुया (शुभवर्तमानाआधीचा जयघोष) मात्र म्हणतात. उपवासकाळाची (ईस्टरआधीच्या त्या काळात आलेलुया म्हणत नाहीत) सवय असलेले क्वायर आलेलुयाही गाळून टाकतात, तसं करू नका. 8 डिसेंबरला ग्लोरिया असतो. फुलं आणि वाद्यं बेतानं वापरावीत असं उपासनेच्या नियमांतच सांगितलं आहे. म्हणून 29 नोव्हेंबरला वेदी शेवंतीनं मढवू नका आणि नाताळची गाणी सरावाच्या खोलीतच राहू द्या.

चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्याला आपल्याकडे सुरूच्या डहाळ्या सहज मिळतात. पण त्या आठवड्याभरात वाळतात आणि ठिणगी लागली की भडकतात. दर शनिवारी डहाळ्या बदला, मेणबत्तीच्या बुडाशी पत्र्याची किंवा मातीची ताटली ठेवा. समुद्राकडचं दार उघडं असेल तर काच लावा, नाहीतर मिस्साभर वेदीसेवक काडेपेटी घेऊन पळत राहतो. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्यांना जांभळी फीत बांधा, एकीला गुलाबी. ती गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटवायची.

तपासा: पहिली मेणबत्ती चारही रविवार जळते. ती पुरेशी जाड आहे का?

## 5. वाडीतलं चिंतन: चार बैठका, चार वेगळी घरं

बैठक पाऊण तासाची. जागा ओटा, पडवी किंवा खळं. आतल्या खोलीत घेतली की यजमानीणबाई दोन दिवस आधीपासून साफसफाईत गुंततात आणि ज्यांचं घर लहान आहे ते आपलं नाव देत नाहीत. खाण्याचा नियम पहिल्याच बैठकीला बांधून टाका: चहा आणि बिस्किट, बस्स. एका घरानं सँडविच केलं की पुढचं घर पॅटिस करणार आणि चौथं घर "आमच्याकडे नको" म्हणणार.

क्रम असा:

1. मेणबत्ती, एक गीत. (5 मिनिटं)
2. येत्या रविवारचं शुभवर्तमान एकदा मोठ्यानं, मग दुसऱ्या आवाजात पुन्हा. दुसऱ्यांदा वाचायला तरुण मुलगा किंवा मुलगी द्या.
3. तीन मिनिटं गप्प. घड्याळ लावा. गप्प बसणं आपल्याला जमत नाही, कुणीतरी माळ सुरू करतोच. त्याला हातानंच थांबवा.
4. एकच प्रश्न, प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं. बोलायचं नसेल तर पुढच्याला खूण करायची.
5. वाडीसाठी या आठवड्यातलं एक काम ठरवायचं, माणसाच्या नावासकट.
6. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणून समारोप, मग चहा.

नेहमीची चूक म्हणजे निवृत्त गुरुजी किंवा धर्मशिक्षणाच्या बाई चाळीस मिनिटं समजावून सांगतात. त्यांचा मान ठेवून त्यांनाच वेळ मोजायला बसवा. दुसरी चूक म्हणजे प्रश्न इतका मोठा असतो ("ख्रिस्त माझ्यासाठी कोण आहे?") की सगळे पुस्तकी उत्तरं देतात. प्रश्न गावातला हवा. 2026 च्या आगमनकाळात मार्कचं वर्ष, म्हणजे रविवारी बहुतेक मार्कचं शुभवर्तमान वाचण्याचं वर्ष, सुरू होतं. त्या चार रविवारांसाठी मी असे प्रश्न घेईन:

पहिला रविवार, मार्क 13:33-37. मालक दूर गेला आहे आणि दारवानाला जागं राहायला सांगितलं आहे. गेल्या वर्षभरात आपल्या दारात कोण यायचं थांबलं? का?

दुसरा रविवार, मार्क 1:1-8. परमेश्वराची वाट तयार करा. आपल्या वाडीतली कुठली पायवाट गडगा (दगडी बांध) घालून बंद झाली आहे? हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. पसरू द्या. उत्तर त्याच बैठकीत काढायचा आग्रह धरू नका, पुढे सातव्या टप्प्यात त्याचं काम आहे.

तिसरा रविवार, योहान 1:6-8, 19-28. लोक योहानाला "तू कोण आहेस?" असं विचारतात आणि तो आधी आपण कोण नाही ते सांगतो. आपण देतो तेव्हा नाव कुणाचं लागतं? चर्चमधल्या पंख्याच्या पात्यावरचं नाव आठवून हसू येईल, येऊ द्या.

चौथा रविवार, लूक 1:26-38. मरिया आधी प्रश्न विचारते, मग होकार देते. या घरात कुणाला होकार द्यायचा राहून गेला आहे?

मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांसाठी आठवड्यात एक बैठक रात्री साडेआठला ठेवा. विरार लोकलमधून उतरून सातच्या बैठकीला कुणी पोचत नाही, आणि मग आपण "तरुण येत नाहीत" म्हणत बसतो.

## 6. मूठभर तांदूळ आणि पाकीट

रोज भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा, ही साधी पद्धत लहान मुलांनाही कळते. पण हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. एक मूठ म्हणजे साधारण 40 ते 50 ग्रॅम. 29 नोव्हेंबरपासून 12 डिसेंबरपर्यंत 14 मुठी, म्हणजे घरामागे अर्धा ते पाऊण किलो. साठ घरांच्या वाडीत 35 ते 40 किलो जमतात. दोन-चार कुटुंबांना यातून थोडे दिवस आधार मिळेल, पंचवीस घरांना किट देता येणार नाही. बाकीचं पैशातून उभं करावं लागतं.

सर्वांत महागात पडणारी चूक: उकडा आणि सुरय (न उकडलेला) तांदूळ एकाच पिंपात ओतणं. दोन्ही शिजायला वेगवेगळा वेळ घेतात, एक कच्चा राहतो, दुसऱ्याचा गिच्च गोळा होतो. तो तांदूळ कुणालाच शिजवता येत नाही. चर्चच्या मागे दोन पिंपं ठेवा, वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि ओतताना एक माणूस उभा करा. डब्यात वाळलेली कडुनिंबाची पानं टाकायला सांगा, किड्यांचा प्रश्न सुटतो.

पाकिटावर नावाची रेघ छापू नका. कुणी किती दिलं हे कळत असेल तर कमी असलेला माणूस पाकीट परतच देत नाही. ज्यांना पावती हवी आहे त्यांनी कार्यालयात द्यावं.

मोजणी त्याच दिवशी, मिस्सेनंतर, उघड्या खोलीत. दोन माणसं, एका घरातली नकोत. नोटांची संख्या लिहिलेली चिठ्ठी दोघांच्या सहीनं, एक प्रत फादरांकडे, एक फायनान्स कमिटीकडे. "आपल्यातलाच माणूस आहे" म्हणून ही पायरी गाळली की जानेवारीत कुजबुज सुरू होते आणि भला माणूस कायमचा काम सोडतो.

वाटप कधी? 13 तारखेला गोळा, 14 ते 17 दरम्यान पोचतं. नाताळाला घरात काही करायचं तर सामान आठवडाभर आधी हातात हवं. 24 च्या संध्याकाळी करंज्यांचा रवा मिळून उपयोग काय? नेणारी माणसं दोन असावीत, पहिल्यांदा घरी गेली होती तीच. संध्याकाळ बरी. चर्चच्या आवारात रांग लावून वाटप करू नका. फोटो काढू नका, अहवालासाठीसुद्धा.

## 7. पापनिवेदन, आजारी माणसं, भाऊबंदकी

सामुदायिक प्रायश्चित्त विधी तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला ठेवा. शेजारच्या धर्मग्रामांतल्या फादरांची तारीख ऑक्टोबरातच मागून घ्या, कारण सगळ्यांना तेच दिवस हवे असतात. विधी एकत्र झाला तरी पापनिवेदन प्रत्येकाचं वेगळं असतं. शंभर माणसांना प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर पाच तास होतात. एका फादरांवर टाकाल का? चार फादर असतील तर सव्वा तासात होतं.

अंथरुणाला खिळलेल्यांची यादी वाडीप्रमुखांनी पहिल्या आठवड्यात द्यावी. फादर येण्याआधी घरात एवढंच हवं: स्वच्छ कापड घातलेलं छोटं टेबल, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. कम्युनियनआधीचा (पवित्र भाकर घेण्याआधीचा) तासाभराचा उपास आजाऱ्यांना आणि वृद्धांना लागू नाही, त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही नाही. सुना-लेकी तो कारण नसताना पाळायला लावतात आणि सासूबाईंची साखर उतरते.

आता पायवाटेकडे. वेदीजवळ अर्पण आणलं असताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करावा, असं मत्तय 5:23-24 मध्ये आहे. कोकणात भावांमधली भांडणं बहुतेक जमिनीची, सातबाऱ्याची, नाहीतर वहिवाटीची. ती प्रार्थनासभेत उभं करून मिटत नाहीत, उलट चिघळतात. दोन्ही घरांना चालेल असा एक माणूस शोधा. मामा, आत्या, मानलेला काका, कुणीही. त्यानं दोन्हीकडे वेगवेगळं जायचं. कोर्टातली केस बाजूला ठेवून एवढंच मागायचं: नाताळाला एकमेकांच्या दारात पोरं पाठवायची. मोठी माणसं पुढच्या वर्षी येतील किंवा येणारही नाहीत. समेट झाल्याची घोषणा करू नका.

## 8. 16 डिसेंबरपासून: आता गोठा

16 डिसेंबरला नाताळचा नोव्हेना सुरू होतो आणि 17 पासून उपासनेचा सूरही बदलतो. 17 ते 23 या सात संध्याकाळी सायंप्रार्थनेत ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारली जाते, शेवटची "हे इम्मानुएल". नोव्हेनाच्या आधी यातलं एकेक रोज मुलांकडून म्हणवून घेता येतं. तिथून सजावटीला हात घाला.

गोठ्याच्या हिरवळीसाठी नाचणी 13-14 तारखेला पसरट ताटात, भिजवलेल्या मातीवर दाट पेरा. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं गवत होतं. आधी पेरलं तर 24 पर्यंत लोळतं. छपराला भाताचा पेंढा वापरणार असाल तर आत गरम होणारे बल्ब नकोत, एलईडी माळ लावा आणि तिचा जोड पेंढ्याबाहेर ठेवा. बाळ येशूची मूर्ती 24 च्या रात्रीपर्यंत आत ठेवायची नाही. ती कुठे ठेवली आहे हे सॅक्रिस्टनशिवाय (चर्चमधलं सामान सांभाळणाऱ्याशिवाय) आणखी एका माणसाला माहीत असू द्या.

घरोघरी गाणी म्हणत जायचं तर 17 नंतरच. पेटीत जमणारे पैसे कशासाठी आहेत हे पेटीवर लिहा. युवकांच्या सहलीसाठी असतील तर तसंच लिहा, त्यात लाज नाही. गरिबांच्या नावावर गोळा करून निम्मे सहलीत घालणं मात्र गावाला लगेच कळतं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी असते. मध्यरात्रीच्या मिस्सेला बाहेर स्पीकर लावायचा असेल तर त्या वर्षी जिल्हा प्रशासनानं सूट दिलेल्या दिवसांची यादी बघा आणि पोलीस ठाण्याचा परवाना आठवडाभर आधी घ्या. नाहीतर मिस्सेची वेळ अलीकडे घ्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्यालाच दुवा देतील.

तपासा, 20 डिसेंबरपर्यंत: यादीतल्या प्रत्येक क्रमांकापुढे पोचल्याची खूण आहे का? भरलेल्या बिलांच्या पावत्या फादरांकडे आल्या का? भेटीच्या यादीतल्या म्हाताऱ्यांकडे नाताळच्या दुपारी कोण जेवायला जाणार, ते नावासकट ठरलं का?

## 9. जानेवारीचा पहिला पंधरवडा: हिशेब

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाबरोबर नाताळकाळ संपतो, तोवर हिशेब सूचनाफलकावर लागायला हवा. किती जमलं, किती बिलांवर गेलं, किती वस्तूंवर, किती शिल्लक. घेणाऱ्यांची नावं नाहीत, देणाऱ्यांचीही नाहीत. शिल्लक रक्कम जूनसाठी बाजूला ठेवा. मासेमारीची बंदी 1 जूनपासून दोन महिने असते, त्याच दिवसांत शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च येतो, आणि तेव्हा कुणी पाकीट छापत नाही.

क्रमांकांची वही कुलपात ठेवा, पुढच्या नोव्हेंबरात त्याच दोन माणसांच्या हातात द्या.